कृष्णविवराचा वारा

आमच्या जुईनगरच्या घरात रविवारी मटण असतं आणि वाढप माझ्या हातात. कुणी आपल्या हातानं पातेल्याला डाव लावायचा नाही. कुणी "पुरे" म्हणालं की मी आणखी एक डाव घालते. त्याला माया म्हणतात.

त्या रविवारी नात उन्नती म्हणाली, "आजी, पुण्याला संशोधनासाठी माझी निवड झालीय. उद्या होय का नाय ते कळवायचंय."

"नाय. पुण्यात एवढं काय शोधायचं राहिलंय?"

"कृष्णविवर. आकाशगंगेच्या मधोमध बसलेलं असतं. लाखो सूर्यांच्या वजनाचं. जवळ येईल त्याला ओढून घेतं."

मला ते पटलं. मधोमध बसायचं, सगळ्यांना धरून ठेवायचं. मी म्हणाले, "अगं, म्हणजे ह्या घरात मीच की! त्यासाठी पुणं कशाला? इथंच बस, मला बघ आणि लिही."

तिचा बाप नंदकिशोर, माझा मधला. कांदा-बटाटा बाजारात हमालांवर खेकसतो, घरात ताटात बघतो. आताही तेच. सून वैजयंती मात्र म्हणाली, "उन्नती, पुढचंही सांग की आजींना." एरवी आकाशाकडं ही बघते ती कपडे वाळतील का एवढ्यापुरतं.

उन्नती म्हणाली, "काही विवरं गप असतात. काही फारच ओढतात. मग सगळं तोंडाशी दाटतं, तापतं, गिळून होत नाही. असा वारा सुटतो की आसपासचा वायू पार आकाशगंगेबाहेर फेकला जातो. त्या वायूतनं नवे तारे जन्मायचे, ते जन्मतच नाहीत."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी तिला सोडलं नसतं. माझा थोरला पलीकडच्या शिरवण्यात राहायला गेला, धाकटा दोन स्टेशनांवरच्या वाशीला. दोघांच्या बायकांना इथली हवा मानवत नव्हती म्हणे. एवढ्याशा अंतरात हवा कशी बदलते, ते मला आज कळलं.

"कळव त्यांना होय म्हणून," मी म्हणाले. "पण कुणी विचारलं तर सांगायचं, आजीनं पाठवलं. फेकलं नाही."

"बरं आजी."

"आणि दर रविवारी यायचं."

ती नुसती बघत राहिली.

"बरं, महिन्यातनं एकदा."

तरी बघतच होती.

"सणाला तरी येशील का गं?"

"येईन की," ती म्हणाली.