ऐंशीवर गेलेली लँडमास्टर

"ज्याला काटा आहे ना भिया, ते आपल्यासमोर आणा. पाच मिनिटांत सरळ करतो!" असं चिंतामणनं छत्रीबागेच्या अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. मिल चालू होती तोवर तो मिलचा इलेक्ट्रिशियन होता. मिलला टाळं लागलं, तसा तो गल्लीचा झाला.

म्हणून रामभाऊंच्या छप्पन सालच्या लँडमास्टर गाडीचं वेग दाखवणारं जुनं मीटर गेलं, तेव्हा बाजारात नव्यानंच आलेलं इलेक्ट्रॉनिक मीटर त्यानंच बसवलं. आठवड्यानं रामभाऊ तक्रार घेऊन आले.

"चिंतामण, वळायला लागलो की काटा एकदम ऐंशीवर जातो रे."

चिंतामण तेव्हा ओट्यावर बसून कचोरी खात होता. उठायचा कंटाळा आला. "रामभाऊ, ही कंप्युटरच्या खानदानातली चीज आहे. चुकायचा सवालच नाही. तुमचा पायच जड झाला असेल."

रामभाऊ म्हणजे मिलमधले जुने हेडक्लार्क. यंत्रावर विश्वास, स्वतःवर शंका. ते जोडे काढून अनवाणी गाडी चालवू लागले. तरी काटा ऐंशीच. मग त्यांनी वळणंच टाळली. अन्नपूर्णेच्या देवळाला निघाले, ते सरळ जाता जाता पार शहराबाहेर राऊला पोचले. रस्त्यात एका म्हशीनं त्यांना ओव्हरटेक केलं.

तीन आठवड्यांनी रामभाऊंच्या मनोरमावहिनी चिंतामणच्या दारात आल्या. "भाऊजी, उद्या जावई गाडी न्यायला येताहेत. हे म्हणतात, पाय हाताबाहेर गेला, कुणाचा तरी जीव जाईल. चाळीस वर्षं चालवली हो! कालपासून धड जेवले नाहीत."

कचोरी तीन आठवड्यांपूर्वीची, पण ती आत्ता चिंतामणच्या घशात अडकली.

दुपारी रामभाऊ आडवे झाल्यावर तो गुपचूप गाडीत शिरला. किल्ली फिरवली, उजवा इंडिकेटर लावला. गाडी जागच्या जागी ऐंशीवर! डावा लावला, साठ. त्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि टॉर्चच्या उजेडात त्याला मिलचा हिरवा पेंट चमकताना दिसला.

मिलमध्ये दसऱ्याला मशीन घासायची, रंगवायची, मग हळदकुंकू. बिनारंगाच्या लोखंडावर नवा पुर्जा बसवणं म्हणजे अपशकुन. त्याच हातानं चिंतामणनं मीटरची पट्टी आधी रंगवली होती, चांगले दोन हात मारून, आणि त्या रंगावरच अर्थिंगची वायर कसली होती. पेंटातून करंट जात नाही, हे तो नव्या भरतीवाल्यांना बारा वर्षं शिकवत होता. आता मीटरचा करंट बिचारा इंडिकेटरच्या वायरीतून वाट शोधत फिरत होता.

पॉलिश पेपरनं पेंट खरवडला, वायर कसली. काटा शून्यावर गप्प. खरंच पाच मिनिटं लागली. आता हळूच सटकायचं, की झालं.

"चिंतामण?" रामभाऊ खिडकीत उभे होते. डोळे ओले. "गाडीचा निरोप घ्यायला आलास ना? तुझ्यासारखा माणूस नाही रे."

हे फार झालं. चिंतामण सीटखाली पाय अडकलेल्या अवस्थेतच बोलून गेला, "रामभाऊ, पाय तुमचा ठीक आहे. चूक माझी होती. मी बघितलंच नव्हतं. मतलब, बघायला उठलोच नव्हतो."

रामभाऊंनी आधी काट्याकडे पाहिलं, मग आपल्या अनवाणी पायाकडे.

"आणि मी राऊपर्यंत गेलो?"

"हो."

"म्हैस पुढे गेली माझ्या!"

"शिव्या द्या रामभाऊ, पण जावयांना नाही म्हणून कळवा."

शिव्या आल्या नाहीत, हेच चिंतामणला जास्त लागलं. रामभाऊंनी जोडे चढवले, त्याला शेजारी बसवलं आणि गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी उजवा इंडिकेटर दिला. काटा बारावर होता, बारावरच राहिला.

"बघ, हलत नाही!" रामभाऊ हरखून काट्याकडे बघत राहिले. चिंतामणही बघत राहिला.

वळायचं राहून गेलं. गाडी बाराच्या वेगानं समोरच्या टेलिफोनच्या खांबाला लागली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतले सगळे फोन बंद होते.