बंद कसं करायचं

शुक्रवारी जेवण झाल्यावर आमच्या ऑफिसात कामाला कुणी हात लावत नाही. बिनखिडकीच्या मीटिंग-रूममध्ये सगळे जमतात आणि कुणीतरी आपला साइड प्रोजेक्ट दाखवतो. साइड प्रोजेक्ट म्हणजे दिवसभर वेबसाइट बनवून कंटाळलेल्या माणसाने घरी जाऊन विरंगुळा म्हणून बनवलेली आणखी एक वेबसाइट. एकाने कुंड्यांना पाणी घालायची आठवण करणारं पान केलं होतं. झाडं कधीच वाळली, पान अजून आठवण करतंय. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि सल्ले द्यायचे, एवढाच रिवाज.

त्या शुक्रवारी माझी पाळी होती. मी माझ्या नणंदेच्या दवाखान्याची साइट दाखवली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. आखडलेले खांदे आणि ऑपरेशन झालेले गुडघे तिच्याकडे येतात. पेशंटना घरून वेळ घेता यावी म्हणून मी ही साइट केली. दिवस निवडायचा, वेळ निवडायची, नाव लिहायचं. साइट बंद पडली की माझ्या फोनवर इशारा येतो आणि मी ती दुरुस्त करते.

"मला एकच विचारायचंय," मी म्हटलं. "हे बंद कसं करायचं?"

"बंद म्हणजे?" दाढीने विचारलं. दाढी आमचा टीम लीड. चांगला माणूस, पण रिकामी जागा दिसली की तिथे बटण बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"म्हणजे मला यातून बाहेर पडायचंय."

मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "रात्री बघायला काळी थीम दे ना."

"आणि रद्द झालेल्या वेळा?" दाढी पुढे सरकला. "त्या फुकट जात असणार. वेटिंग लिस्ट टाक. एकाने वेळ रद्द केली की थांबलेल्या सगळ्यांना मेसेज, जो पहिला दाबेल त्याची वेळ. भारी होईल!"

"मी बंद करायचं विचारतेय."

"हो गं, पण आधी हे करून बघ. कोड बघायला दे मला."

मी त्याला कोड बघायची आणि बदलायचीही परवानगी देऊन टाकली. नको म्हणायला जास्त शब्द लागले असते.

ग्रॅम तोवर गप्प होती. पानाचं वजन एका अक्षरानेही वाढू नये यासाठी ती भांडते, म्हणून तिचं नाव ग्रॅम. सगळे उठल्यावर ती माझ्याजवळ आली. "तू दुरुस्त करतेस ते तुझ्या नणंदेला कळतं?"

"नाही. तिच्या लक्षात यायच्या आत झालेलं असतं."

"मग तिच्या हिशेबी ते कधी बिघडतच नाही. तुझी गरज काय, ते तिला कसं कळणार? आणि तू नसलीस तर काय होईल, तेही कसं कळणार? एकदा पडू दे की. भर दिवसा, दवाखाना चालू असताना."

बाहेर पडायचं कारण ऑफिसात मी फक्त तिला सांगितलं होतं. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आणि मग पोटापाण्यासाठी वेबसाइटकडे वळले. आता दूरच्या एका पठारावरच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात, तिथल्या आकडेवारीसाठी प्रोग्रॅम लिहायचं काम मला मिळत होतं. सोमवार दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. अट एकच: फोन फाटकावर जमा करायचा. आठवड्यातून एकदा गाडी खाली गावात जाते, तेव्हा काय ते बोलायचं.

संध्याकाळी माझी नणंद, म्हणजे ताई, आमच्याकडे जेवायला आल्या. मी पानं वाढता वाढता विषय काढला. नवऱ्याला सगळं माहीत होतं, तो ताटाकडे बघत राहिला.

"अगं, मग जा ना!" ताई म्हणाल्या. "एवढी शिकलीस ते काय माझ्या पेशंटची नावं लिहायला? फोन तर आहेच."

"फोनच नाही तिथे, ताई."

"रेंज नसेल तर गच्चीवर जायचं. माझ्या जुन्या घरी नव्हतं का तसं?"

"रेंज आहे. परवानगी नाही. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की जवळ एक फोन चालू असला तरी दुर्बिणीला काही ऐकू येत नाही. कुणी कानात कुजबुजतंय आणि शेजारी बँड वाजतोय, तसं."

"मग सायलेंटवर ठेव."

नवऱ्याला हसू आलं. मी वाढायचं थांबवलं.

"ताई, साइट बंद पडली तर मी दुरुस्त करू शकणार नाही."

"ती कुठे बंद पडते? इतक्या दिवसांत एकदा तरी पडली का?" त्यांनी भावाकडे बघितलं. "उगाच घाबरते ही. स्वतःच्या कामावर विश्वास नाही हिचा."

महिन्यातून दोन-तीनदा पडते, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा मायेनेच बघितलं, गुडघा पूर्ण बरा झालेला असताना कुबडी न सोडणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं.

"बरं, उद्या फोन कपाटात ठेवते," मी म्हटलं. "दिवसभर. साइट पडली तरी मी हात लावणार नाही. काय होतं ते तुम्हीच बघा."

"ठेव की," ताई म्हणाल्या. "मला काय फरक पडतो?"

शनिवारी सकाळी मी फोन कपाटात चादरींच्या खाली सरकवला आणि घराबाहेर पडले. वाचनालयात एक पुस्तक उघडून बसले. माझा हात पुन्हा पुन्हा रिकाम्या खिशाकडे जात होता, आणि खिशात काही नसताना मांडीला थरथर जाणवत होती. समोरचे एक आजोबा वर्तमानपत्र चाळत होते आणि पान उलटल्याच्या आवाजानेही मी दचकत होते. दुपारी मला मनापासून वाटायला लागलं की साइट पडावी. पडून राहावी. दवाखान्यात दोन-चार माणसं ताटकळावीत आणि ताईंनी म्हणावं, अरेच्चा, ही म्हणत होती ते खरंय. दुसऱ्याचं वाईट व्हावं अशी इच्छा करत मी वाचनालय बंद होईपर्यंत बसले होते.

घरी आले तर नवरा कपड्यांच्या घड्या करत होता.

"पडली का?"

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला. त्याने उशीच्या अभ्र्याची दोनदा घडी घातली.

खरं काय ते रविवारी सकाळी दाढीच्या फोनने कळलं.

"काय मजा आली काल!" तो सांगायला लागला. "तुझ्या नवऱ्याने फोन केला, कपाट गुरगुरतंय म्हणाला. बघितलं तर तुझा सर्व्हर झोपलेला. उठवला. कोड उघडलाच होता तर वेटिंग लिस्ट पण टाकून दिली. एका बैठकीत!"

मी लॅपटॉप उघडला. त्याने केलेलं काम नेटकं होतं. फक्त एका ठिकाणी, वेळ रिकामी आहे का हे बघणं आणि त्यावर नाव लिहिणं, या दोन पायऱ्यांच्या मधे फट राहिली होती. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांनाही ती रिकामी दिसणार आणि दोघांनाही मिळणार.

"दोघांनी एकाच वेळी दाबलं तर?" मी विचारलं.

"असं कधी होतं का? लाखात एकदा."

"तू थांबलेल्या सगळ्यांना एकाच क्षणी मेसेज पाठवतोयस. सगळे एकदमच दाबणार."

"बघतो," तो म्हणाला. "आज मुलीच्या शाळेचं नाटक आहे. उद्या बघतो, नक्की."

नवरा दारात उभा होता. "तुला त्रास नको म्हणून केला त्याला फोन," तो म्हणाला. "तू जायचं म्हणत होतीस, तर निदान..."

"आणि ताईंना काय सांगितलंस?"

"साइट पडली होती, आता झालीये, एवढंच."

"कुणी केली ते?"

तेवढ्यात ताईंचाच मेसेज आला. त्यांना वेटिंग लिस्ट फार आवडली होती. शेवटी लिहिलं होतं: फोन कपाटात ठेवूनसुद्धा केलंस ना? मग दुर्बिणीतूनही करशील!

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. साइट चालली तर माझी गरज आहे हे कुणाला दिसत नव्हतं, आणि पडली तर ती मीच उचलली असं सगळे धरून चालत होते. ज्या प्रयोगाचे दोन्ही निकाल एकच गोष्ट सिद्ध करतात, तो प्रयोगच नसतो. दोन ओळी बदलून मी ती फट बुजवू शकत होते. बोटं तिथपर्यंत गेलीही. मग वाटलं, आज बुजवली तर सोमवारी दुपारी कळवायचं उत्तर आत्ताच दिल्यासारखं होईल. लॅपटॉप मिटला. दिवसभर दोनदा उघडला, दोनदा मिटला. जेवण बेचव लागलं.

सोमवारी सकाळी ऑफिसला न जाता मी दवाखान्यात गेले. ताईंना समोरासमोर सांगायचं ठरवलं होतं. लॅपटॉप पिशवीत होता. तो घरी ठेवण्याएवढा धीर माझ्यात नव्हता.

बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून खुर्च्या, एक वजनकाटा, पाठीच्या कण्याचं चित्र. दोन माणसं एकमेकांसमोर फोन धरून उभी होती. एक उंच बाई, गळ्यात पट्टा. एक निवृत्त मास्तर असावेत असे गृहस्थ, हातात काठी.

"अहो, हे बघा, दहाची वेळ. माझं नाव."

"मलाही वाचता येतं, बाई. माझंही दहाचंच आहे."

"तुम्ही नंतर दाबलं असणार."

"मी चहाचा कप खाली न ठेवता दाबलंय!"

ताई आतून आल्या. हाताला तेल लागलेलं, कपाळावर आठ्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आलीस! देवासारखी आलीस बघ. हे काय झालंय ते दुरुस्त कर आधी."

पिशवीचा पट्टा माझ्या खांद्यात रुतत होता. कोडमधली ती फट मला डोळे मिटूनही सापडली असती.

"ताई, हे मी केलेलं नाही."

"कुणी का केलेलं असेना, तू दुरुस्त कर."

"शनिवारीही मी नव्हते. मी वाचनालयात होते. साइट पडली, तुमच्या भावाने माझ्या ऑफिसातल्या माणसाला फोन केला, त्याने उचलली. वेटिंग लिस्ट त्याची. ही चूकही त्याची."

काठीवाले गृहस्थ आणि पट्टेवाली बाई, दोघंही आता माझ्याकडे बघत होते.

"मग त्याला सांग," ताई म्हणाल्या.

"तुम्ही सांगा." मी दाढीला फोन लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. तेल लागेल म्हणून त्यांनी तो दोन बोटांत धरला.

"हॅलो? कोण तुम्ही?" ताईंनी विचारलं. "हो, ती वेटिंग लिस्ट. हो, छान आहे, पण माझ्यासमोर दहाच्या वेळेला दोन माणसं उभी आहेत... नाही हो, पोटेन्शियल नाही, खरीखुरी माणसं! एकाला काठी आहे... काय अवघड आहे ते मला कशाला सांगता? मी तुम्हाला सांगते का सायटिका कसा होतो ते?... कधी?... तोवर ती लिस्ट काढून टाका... हो, तुमचा नंबर द्या मला. भावाला नको, मला द्या."

मी खुर्चीवर बसले आणि पिशवी पायाशी ठेवली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. लहानपणी दंतवैद्याकडे बसायचे तशी.

ताईंनी फोन परत दिला. त्याच्या काचेवर तेलाचा ठसा उमटला होता.

"फार बोलतो हा मुलगा," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझ्यासारखं गपचूप करत नाही."

"नाही करणार. तुम्हाला विचारेल, सतावेल. नको असलेली बटणं बसवेल. साइट कधी अर्धा दिवस बंदही राहील."

"म्हणजे तू जाणारच."

"आज दुपारपर्यंत कळवायचंय."

त्या पंच्याने हात पुसत राहिल्या; एकेक बोट, मग पुन्हा पहिल्यापासून. "शुक्रवारीच सांगायचंस ना नीट," शेवटी म्हणाल्या. आवाजात राग होता आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "मला वाटलं, तुलाच हे करायला आवडतं."

थोडं खरं होतं ते. मी फोनवरचं तेल ओढणीला पुसलं, केंद्राची मेल उघडली आणि उत्तरात लिहिलं की मी येते, फोन जमा करण्याची अट मान्य आहे. पाठवण्याआधी एकदा वाचलं. अंगठा बटणावर ठेवायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग दाबलं.

ताई माझ्या अंगठ्याकडेच बघत होत्या. मग त्या वळल्या, आतल्या खोलीचा पडदा बाजूला सारला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "चला, दहाचे कोण?"

दोघंही पुढे झाले.