भरलेली बरणी

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत गुणवंतीबाईंच्या बेगमीचं मोठं नाव होतं. मे महिना लागला की बाई पिशव्या घेऊन लालबागला मिरची गल्लीत शिरायच्या आणि दुकानदारांना घाम फोडायच्या. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी, आणि मागच्या वर्षीची मिरची कुणी पुढे केली तर त्याची धडगत नसायची. मसाला, तांदूळ, कोकम, सगळं वर्षाचं एकदम भरायच्या, पण भरायच्या ते घरातली तोंडं मोजून. पुढच्या उन्हाळ्यात नवा मसाला डंकावर कुटायला जायचा, तेव्हा जुनी बरणी तळापर्यंत संपलेली असायची. त्या घरातून चिमूटभरही काही वाया गेलं नाही, हे चाळीत कुणीही सांगितलं असतं.

गेल्या वर्षीही त्यांनी असाच मोजून मसाला केला, आणि दिवाळीच्या तोंडावर झोपेतच गेल्या.

मागे राहिलेल्या धोंडूकाकांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, घरातल्यांच्या आबांचं, जेवण तुटलं. चहात पाव बुडवायचे, तेवढाच आधार. सून अनुजा ताट वाढायची, ते भात चिवडून ताट सरकवायचे. मुलगा प्रितेश त्यांना डॉक्टरकडे नेऊन आला. गोळ्या आल्या, भूक काही आली नाही. अंगावरचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. ओट्यावरची बरणी दिवाळीत संपल्यापासून घरात पाकिटातलाच मसाला चालला होता. मग एक दिवस अनुजाने माळ्यावरची दुसरी, भरलेली बरणी खाली काढली आणि दोन चमचे मसाला घालून बोंबलांचं कालवण केलं. म्हातारा पहिल्या घासाला थांबला, घळाघळा रडला आणि मग ताट पुसून जेवला.

अनुजाच्या मनाने तिथेच घेतलं, की ही बरणी आहे तोवर आबा आहेत. तिला हसू नका. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर दुसरं काय केलं असतं?

तिने बरणी जपायला घेतली. स्वतःला, प्रितेशला आणि लेकीला, श्रेयाला, पाकिटातला विकतचा मसाला. बरणीतला फक्त आबांना, वेगळ्या पातेलीत. दोन चमच्यांचा एक झाला, एकाचा अर्धा झाला. रंग फिका दिसू नये म्हणून वर काश्मिरी मिरचीची पूड. एकदा श्रेयाने आजीच्या मसाल्याचं अंडं मागितलं, तर अनुजा तिच्यावर उगाचच खेकसली.

मे महिन्यात शेजारच्या दुर्गाताई दारात आल्या. "अनुजा, चल गं लालबागला. मिळून घेऊया, सगळ्यांनाच स्वस्त पडेल."

आतून आबाच बोलले, "भरलेली बरणी घरात असताना नवो मसालो कित्याक? तो संपल्याशिवाय नवो करूचो नाय." हा नियम गुणवंतीबाईंचाच, त्यामुळे पुढे बोलायची सोयच नव्हती. खरं तर अनुजाला सुटल्यासारखंच झालं. किती मिरचीला किती धणे, हे सासूबाईंनी तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

पावसाळ्यात आबांचं जेवण पुन्हा कमी झालं. "हल्ली चव लागणा नाय गो," म्हणायचे. बरणी उघडझाप करून वास उडत असेल, असं अनुजाला वाटलं. म्हणून एका डबीत थोडा मसाला काढून तिने बरणीचं फडकं घट्ट बांधून टाकलं.

श्रावणात डबी संपली. आबांसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं शिजत होतं. अनुजाने बरणी काढली, फडकं सोडलं आणि झाकण उचलताच तिचे हात थांबले. आत जाळी धरली होती. मसाल्याचे गोळे झाले होते आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या. कीड लागू नये म्हणून सासूबाईंनी आत ठेवलेले हिंगाचे खडे तिने नाकाशी नेले. त्यांना कसलाच वास उरला नव्हता. बरणी अजून अर्धी भरलेली होती.

चाळणी आणून तिने मसाला चाळला. पसरायला ऊन कुठलं, गच्ची तर ओलीच होती. तव्यावर परतून पाहिला तर घरभर ठसका आणि कडवट धूर.

"काय जळता गो?" आबांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही आबा, फोडणी जरा लागली."

मग ती ओट्याशी उभी राहून रडली, आवाज न करता. ज्या घरातून चिमूटभर वाया गेलं नव्हतं, त्या घरातला अर्धी बरणी मसाला तिने काळ्या पिशवीत बांधला. चाळीत कुणाला दिसू नये म्हणून वर भाजीची सालं टाकली. आबांना सांगायचा तिला धीर झाला नाही. तिने पाकीट कापलं आणि सांबाऱ्यात विकतचा मसाला सढळ हाताने घातला. आज जपून वापरायला काही उरलंच नव्हतं.

आबांसमोर ताट ठेवून ती दाराला धरून उभी राहिली. आता हे ताट सरकवणार आणि मग कायमचं सरकवणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आबांनी घास घेतला. थांबले. त्यांचे डोळे भरून आले, अगदी तेव्हासारखे.

"आज इली चव," ते म्हणाले. "ही गुणवंतीच्या हातची. अजून भात वाढ."

अनुजाने भात वाढला. तिला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. आज लागली ती ताज्या मसाल्याची चव होती, हे तिला कळलं. इतके महिने ती त्यांना जुनाट, वास मेलेला मसाला अर्धा-अर्धा चमचा घालत आली होती, आणि चव लागत नाही असं ते सांगत होते तेव्हा आणखी हात आखडत होती. सासूबाईंनी तो सगळ्या घराचा मसाला मोजून केला होता. सगळ्यांनी मिळून दोन-दोन चमच्यांनी खाल्ला असता, तर मेपर्यंत संपलाही असता. तो अळ्यांनी नाही नासवला. तिने नासवला.

"बरणीत अजून किती हा गो?" आबांनी बोटं चाटत विचारलं.

"पुष्कळ आहे, आबा."

"मग आजसारखोच घाल. तिना कधी हात आखडतो घेतल्यान नाय."

अनुजा हो म्हणाली आणि रिकाम्या बरणीवर पुन्हा फडकं बांधायला आत गेली.