मोटारीनं घेतलेलं नाव

वडनेर भोलजीपासून कोसभर अंतरावरच्या त्या गावात दिवेलागणीला एकही माणूस घरात नव्हता. सगळं गाव भगवानराव पाटलांच्या खळ्यात लोटलं होतं. मधोमध पाटलांची तांबडी मोटार धडधडत उभी होती. त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात अशा पळणाऱ्या सहा सिलिंडरच्या उघड्या गाड्या मोजक्याच होत्या. पाटील स्वतः स्टिअरिंगपाशी बसले होते. बॉनेट उघडं होतं आणि त्यावर ज्वालाबाबा वाकले होते.

"ये इंजन नाही, बच्चा, कलेजा आहे कलेजा!" बाबा गरजले. "याले नजर लागली. नजर लावणाऱ्याचं नाव मोटार स्वतः घेईन. अलख!"

ते गावातलं एकेक नाव उच्चारत आणि पळीभर तीर्थ इंजिनावर शिंपडत. रामरावांचं नाव घेतलं, मोटार तशीच धडधडत. सोजराबाईचं घेतलं, तरी तशीच. मग बाबांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"झुंबरबाई!"

पळी रिकामी झाली आणि इंजिनावर निळ्या ज्योती सापाच्या पिलांसारख्या वळवळल्या. मोटार खोकली, हिसके देऊ लागली, मागच्या नळीतून बंदुकीसारखा बार निघाला. बाया किंचाळल्या. कोणीतरी ओरडलं, "बोलली! मोटार बोलली!"

झुंबरबाई गर्दीतच उभी होती. तिच्या आजूबाजूची माणसं झर्रकन मागं सरली आणि ती एकटी पडली. विधवा माळीण; वडनेरच्या रस्त्याला लागून तिचा भाजीचा मळा होता. खारपाणपट्ट्यातलं गाव, पण तिच्या विहिरीला गोडं पाणी. उन्हाळ्यात हेच बाबा मठासाठी तो मळा मागायला आले होते. तिनं सरळ नाही म्हटलं होतं.

पाटलांची मोटार बिघडायची तीही नेमकी तिच्याच मळ्यापाशी. गावातून नीट निघायची आणि मळ्याजवळ आली की ठोके मारायची, फटफट करायची. महिनाभर गावात हीच कुजबुज होती.

"सकाळच्या आत इनं गाव सोडावं," बाबा म्हणाले. "मळा देवाले, विहीर देवाले. नाहीतर मोटारीतलं भूत पोरांवर उतरन!"

पोरांचं नाव निघालं तशी गर्दी पुढं सरकली. एक दगड आला, तिच्या खांद्याला लागला. कळ थेट बोटांपर्यंत गेली. पण पळून कुठं जाणार? पळालं तर खरंच वाटेल सगळ्यांना. ती उभी राहिली आणि बाबांच्या हातांकडं पाहू लागली.

बाबांपुढं दोन भांडी होती, एक तांब्याचं, एक पितळी. रामरावांच्या नावाला पळी तांब्याच्या भांड्यात बुडाली होती, सोजराबाईच्या नावालाही. तिच्या नावाला मात्र पितळी भांड्यात. हे तिनं पाहिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

"पाटील," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "जाईन मी. पन जायच्या आंधी मले त्या पितळी भांड्यातलं तीर्थ घेऊ द्या. देवाचंच हाय ना?"

"दूर! अपवित्र होईन!" बाबांनी भांडं छातीशी धरलं.

"तीर्थ मागणाऱ्याला कोणी नाही म्हणतं का, महाराज?" मागून आवाज आला. जळगाव जामोदचे डॉक्टर वामनराव, आपली मोटार स्वतःच दुरुस्त करणारे, गर्दीतून वाट काढत येत होते. गावात रोगी पाहायला आले होते आणि बार ऐकून इकडं वळले होते. पाटलांनी मान डोलावली. बाबांना पळी पुढं करावी लागली.

झुंबरबाईनं तीर्थ तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"खारं हाय हे!"

"आपल्या गावचं पानी खारंच असते, त्यात काय?" कोणीतरी हसलं.

"खारं पानी मी जलमभर चाखलं, बापू. वांग्याले कोनतं चालते, कोनतं नाई, मले ठाऊक हाय. हे विहिरीचं खारं नाई. यात मूठभर मीठ कालवलं हाय!"

आणि कोणी अडवायच्या आत तिनं बाबांच्या हातातून भांडं हिसकलं. जिथं बाबांनी शिंपडलं होतं तिथंच पाणी ओतलं आणि छाती भरून ओरडली, "ज्वालाबाबा!"

निळ्या ज्योती वळवळल्या. मोटार खोकली. धाडकन बार झाला.

बाबा किंचाळले, "चेटकीण! पाह्यलं? तिच्या हातानं भूत नाचून राह्यलं! मारा!"

दोघा-तिघांनी पुन्हा गोटे उचलले. डॉक्टर झुंबरबाईच्या पुढं जाऊन उभे राहिले. "थांबा. मी काही चेटूक शिकलेलो नाही. आता माझ्या हातानं बघा." भांड्यात उरलेलं पाणी त्यांनी ओतलं आणि स्वतःचंच नाव घेतलं, "वामनराव!" मोटारीनं तसाच बार काढला. मग त्यांनी पाटलांना गाडी बंद करायला सांगितली, उपरण्यानं एकेक वायर खसखसून पुसली, कोरडी केली. गाडी पुन्हा चालू झाली. ज्योत नाही, खोकला नाही. मग त्यांनी चार वेळा झुंबरबाईचं नाव घेतलं. मोटार आपली संथ धडधडत राहिली.

"हे असं कसं हो, डाक्तरसाहेब?" पाटील खाली उतरले.

"इंजिनात पेट्रोल पेटवायला विजेची ठिणगी लागते. ती वीज या वायरींतून प्लगपर्यंत जाते. तुमच्या वायरींचं रबर तडकलं आहे. वर मिठाचं पाणी पडलं की वीज प्लगच्या टोकाशी पोचतच नाही, बाहेरच्या बाहेर लोखंडात पळते. तीच ही निळी ज्योत. तांब्याच्या भांड्यातल्या साध्या पाण्यानं एवढं होत नाही. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल मागच्या नळीत जाऊन पेटतं. तो बार."

"मंग मोटार माह्या मळ्यापाशीच काऊन बिघडे?" झुंबरबाईनं विचारलं. तिला तेच सलत होतं.

"पाटील, प्लग कोणते बसवलेत?"

"मालाच्या लॉरीचे. म्हटलं, प्लग तो प्लग."

"तिथंच चुकलं. लॉरी हळू चालते. तिच्या प्लगचं टोक मुद्दाम गरम राहील असं केलेलं असतं, म्हणजे काजळी जळून जाते. ही गाडी वाऱ्यासारखी पळणारी. हिला आपली उष्णता झटकन सोडणारे, थंड राहणारे प्लग पाहिजेत. गावातून निघताना रस्ता वाकडा. या बाईच्या मळ्यापाशी सरळ होतो, आणि तिथं तुम्ही पाय दाबता. दाबता ना?"

पाटील ओशाळून म्हणाले, "हाव."

"टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं. म्हणून ठोके. यात ना नजर, ना भूत."

एव्हाना बाबा भिंतीकडं सरकत होते. लोकांनी त्यांना धरलं, आणि ज्यांच्या हातात तिच्यासाठी उचललेले गोटे होते तेच आता त्यांच्यावर धावले.

"मारू नका!" झुंबरबाई ओरडली. "फौजदाराच्या हवाली करा."

चौकीवर कळलं, की हा बाबा पूर्वी नागपूरकडं एका सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे प्रवासी गाडीवर, क्लीनर होता; वायरींवर खारं पाणी पडलं की काय होतं, ते त्याला तिथंच कळलं होतं.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी अकोल्याहून योग्य प्लग आणि नव्या वायरी आणवल्या. प्लगच्या टोकातलं अंतर पातळ पत्र्याच्या पट्टीनं तपासून, एकेक वायर आपल्या जागी बसवून, त्यांनी सगळ्यांसमोर जोडणी केली. मग पाटलांनी गाडी काढली. मळ्याजवळच्या सरळ रस्त्यावर तांबडी मोटार तीरासारखी गेली. ना ठोके, ना फटफट.

माणसं बांधावर उभी होती. पाटील परत येऊन उतरले, हात जोडून म्हणाले, "झुंबरबाई, चुकलं आमचं."

खांदा अजून ठणकत होता. ती गर्दीकडं वळून म्हणाली, "मोटारीत वीज खेळते, हे मले ठाऊक नव्हतं. तुमालेई नव्हतं. त्यात लाज नाई. समजत नसन तं इचारा, दोन डाव करून पाहा, चाखून पाहा, मंग खरं माना. पन ठाऊक नाई म्हनून एका बाईवर गोटे उचलू नये, याले का डाक्तर लागते?"