खरखर माझी नव्हे!

मी व्हॉल्यूम बोलतोय. गिटारचा तो जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, दोघांनी मिळून उचलावा लागणारा ॲम्प्लिफायर असतो ना, त्याचा आवाज कमी-जास्त करणारं फिरतं बटण म्हणजे मी. आधीच सांगून ठेवतो, रडगाणं गायला आलेलो नाही. भांडायला आलोय.

जन्म माझा कारखान्यातला. लांब टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझ्या पोटात काळ्या कार्बनची वाकडी पट्टी बसवली, तिच्यावर पत्र्याची बारीक जीभ टेकवली आणि झाकण दाबलं. जीभ पट्टीवरून सरकते, तसा आवाज चढतो नाहीतर उतरतो. बावीस वर्षांत एक दिवस दांडी मारली असेल तर शपथ!

आमचे मालक चष्मेवाले. दुकानामागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी आमची पेटी, म्हणजे तो ॲम्प्लिफायर, असतो. गिऱ्हाईक नसलं की हे गिटार घेऊन बसणार. जगाला चष्मे देतात आणि स्वतः वाजवताना डोळे मिटून घेतात!

गेल्या वर्षी मला फिरवलं की खर्रर्र व्हायला लागलं. माझ्यावरच नव्हे, पेटीत गिटार लावायची दोन तोंडं आहेत, दुसऱ्या तोंडाच्या व्हॉल्यूमवरही, म्हणजे माझ्या जोडीदारावरही. झालं! मालकांनी स्प्रेची बाटली आणली आणि आमच्या पोटात फवारे. धूळ असती तर गेली असती. खरखर जागच्या जागी.

"अहो, पुरे करा आता," मालकीणबाई काउंटरवरून ओरडल्या. "गिऱ्हाईक विचारतंय, चष्म्यांना रॉकेलचा वास का येतो म्हणून!"

मग मालकांनी माझ्या जोडीदाराला कापून काढलं. त्याच्या जागी कोरा करकरीत नवा बसवला. आणि काय सांगू, त्याच दिवशी तोही खर्रर्र!

यावरून शहाण्या माणसाने काय ओळखावं? आमचे मालक म्हणाले, "हल्लीचा मालच खराब!" आणि माझ्यासाठी दुसऱ्या दुकानातून दुसरा मागवला. शनिवारी मला कापायचं ठरलं. मी आणखी जोरात खरखरलो. गप्प राहून मरायचं मला जमत नाही.

शनिवारी मालकांची धाकटी बहीण आली. लिफ्ट दुरुस्तीचं काम करते. पेटी उघडलेली, कटर हातात घेतलेला दादा. तिने आधी चहा मागितला, मग विचारलं, "दादा, नवा बसवलास तोही खरखरतो?"

"हो ना. नशीबच फुटकं."

"नशीब कुठलं? दोघेही एकच तक्रार करतायत, तर त्यांच्या मागचं बघ की!"

तिने व्होल्ट मोजायचा मीटर काढला, त्याची एक वायर पेटीच्या पत्र्याला अडकवली. पेटी चालू केली, एक हात खिशात घातला आणि दुसऱ्याने मीटरच्या दुसऱ्या वायरचं टोक माझ्या पायाला लावलं.

"वन्सं, खिशात काय शोधताय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"जीव वाचवतेय, वहिनी. आत दोनशेच्या वर व्होल्ट आहेत. दोन्ही हात घातले तर करंट छातीतून जायचा. दादा, इथे शून्य यायला हवं. बघ, चार व्होल्ट!"

माझ्यामागे एक कपॅसिटर उभा असतो. गाणं आत सोडायचं आणि व्हॉल्व्हकडून येणारा सरळ, म्हणजे डीसी, करंट बाहेर रोखायचा, हे त्याचं काम. म्हातारपणी तो पाझरायला लागला. तो करंट माझ्या पट्टीवर चढायचा, जीभ सरकली की खर्रर्र. जोडीदाराच्या मागचाही त्याच वयाचा, तोही पाझरत होता. आणि फवारे कोणाच्या पोटात? आमच्या!

बहिणीने पेटी बंद केली, आत साठलेला करंट उतरवला आणि दोन्ही कपॅसिटर बदलले. मग मला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. चिडीचूप! मालकांनी कटर हळूच खाली ठेवला.

"आधी विचारायचंस ना मला," बहीण म्हणाली.

"तुला लिफ्टमधून वेळ कुठे असतो," मालक पुटपुटले. माझी माफी? छे, नाव नको!

आजही मालक मला दोन बोटांनी, श्वास रोखून फिरवतात. आता खरखरेल, मग खरखरेल. अहो मालक, चोरासारखे काय फिरवता? फिरवा, अख्खा फिरवा! आता कुणाचा कान दुखलाच, तर तो तुमच्या वाजवण्याने दुखेल. माझ्यावर ढकलायचं नाही.