आवडता विषय

नवी चप्पल टाच कापते. कॅन्टीनमधला उपमा संपलाय. नळीतल्या पाण्याचा वेग भिंतीपाशी शून्य असतो.

हे शेवटचं हर्षिताला आत्ता आठवलं, मुलाखत संपल्यावर.

पीएचडीच्या मुलाखतीत आधी आवडता विषय विचारतात आणि मग त्यातच पिळून काढतात. तिचा विषय कंपनं. कारखान्यातल्या नोकरीची सगळी वर्षं तिने पंपांची थरथर मोजण्यातच घालवली होती. पण चुलतभाऊ देवव्रत १९९२पासून याच संस्थेत संशोधन करत होता. तो म्हणाला होता, "पॅनेलवरचे मोठे सर द्रवप्रवाहांचे आहेत. त्यांचाच विषय सांग, खूश होतात."

तिने सांगितला. सर खूश झाले आणि फळ्यापाशी तिला घाम फुटेपर्यंत विचारत राहिले.

आता कॅन्टीनमध्ये ती देवव्रतवर चिडली, "अण्णा, दुसऱ्या सरांनी पंपाच्या कंपनाचं विचारलं, तर मोठे सर म्हणाले, तो हिचा विषय नाही!"

"मग बोलायचं ना, हाच माझा विषय म्हणून."

"तूच म्हणालास, खूश होतात."

"झाले ना खूश? रडू नकोस हर्षी, स्वल्प, थोडीशी कॉफी घे."

"तूच ढोस. नोकरी सोडून आलेय मी! आता कुठल्या तोंडाने परत जाऊ?"

देवव्रत दोन कप घेऊन आला. तिने दोन्ही परत ढकलले.

पहिल्या प्रश्नाआधी मोठ्या सरांनी तिला विचारलं होतं, "दुसरा एखादा विषय घ्यायचाय का?" ती नको म्हणाली होती.