चौदा महिन्यांचा मळ

द्रावण शेवटपर्यंत काळं झालं नाही. हे आपण वाचलंच नाही असं समजू, कारण सकाळी साडेदहाला प्रयोग मांडून बसलेली तीही तसंच समजून चालली होती.

अकराला बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर निकेलचे नॅनोकण बनवून दाखवायचे, आणि बनले तरच पीएचडी. नोंदणीची मुदत संपायला एकवीस दिवस उरले होते. प्रबंधात तिनं छातीठोकपणे लिहिलं होतं: हिरव्या द्रावणात हायड्रॅझीन घातलं की ते जांभळं होतं, अल्कली घालून तापवलं की वीस मिनिटांत काळं. काळं झालं म्हणजे कण तयार. तेही विरजणासारखे आधीचे तयार कण न टाकता, म्हणजे ‘बाहेरून कुठलंही बीज न घालता’. हे शब्द गाईडसरांनी स्वतः ठळक करून घेतले होते.

“टेन्शन घेऊ नकोस,” सर म्हणाले. ते मघापासून रिकामा कप पीत होते.

मावशींनी, म्हणजे काचसामान धुणाऱ्या मावशींनी, फ्लास्क लखलखीत करून, ढवळायचं छोटं मॅग्नेट आत टाकून सगळं मांडून ठेवलं होतं. परीक्षक आले. हिरवं झालं, जांभळं झालं. मग दहा मिनिटं जांभळं. वीस मिनिटं जांभळं. तिच्या तळहातांना एवढा घाम सुटला, की तोच द्रावणात घालून बघावा असं तिच्या मनात येऊन गेलं.

“तसं गडद होतंय,” सर वाकून म्हणाले.

“तुमची सावली पडलीय. बाजूला व्हा,” परीक्षक म्हणाले.

सर सरकले, उजेड पडला, आणि तळाशी गरगर फिरणारं मॅग्नेट तिला दिसलं. पांढरंशुभ्र. तिचं मॅग्नेट तर कोळशासारखं काळं होतं!

“मावशी, हे कुणी घासलं?”

“कोण घासणार? मीच. पाहुणे येणार आणि तुझं ते ध्यान! कालपासून ॲसिडात ठेवलं, तेव्हा कुठे निघालं. चौदा महिने ‘हात लावू नका, हात लावू नका’. म्हटलं, पोरगी लाजत असेल.”

पोरगी लाजत नव्हती. पहिल्यांदा प्रयोग जमला त्या दिवसापासून तिनं ते शकुनाचं म्हणून धुतलंच नव्हतं. निकेल लोहचुंबकाला चिकटतं, हे तिला शाळेपासून माहीत होतं. तरी चौदा महिने ती निकेल लोहचुंबकानं ढवळत होती. प्रत्येक खेपेचे थोडे कण त्याला चिकटून राहत आणि पुढच्या खेपेला हात देत. बीज होतंच. रोज तीच घालत होती.

“हायड्रॅझीन जुनं झालं असेल,” सर घाईनं म्हणाले. वाट मोकळी होती. परीक्षक तिच्याकडे बघत होते.

“नाही सर,” ती मॅग्नेटकडे बोट दाखवत म्हणाली. “बीज होतं. मॅग्नेटवर. मावशींनी धुतलं ते.”

“मग तसं लिहा, आणि तशाच मळक्या मॅग्नेटनं पुन्हा करून दाखवा,” परीक्षक म्हणाले. “मळायला किती वेळ लागेल?”

“चौदा महिने.”

“एकवीस दिवसांत काय ते बघा. पुन्हा प्रयोगासाठी काय लागेल त्याचा कार्यालयात अर्ज करा.”

मावशी पदराआडून म्हणाल्या, “माझी सही लागली तर सांग गं.”

तिनं तिथंच, ओल्या ओट्यावर, अर्ज लिहिला:

‘विषय: मळ परत मिळणेबाबत. महोदय, सदर मॅग्नेटवरील चौदा महिन्यांचा मळ, मूळ क्रमाने व मूळ जाडीचा, एकवीस दिवसांचे आत अर्जदारास परत मिळावा, ही नम्र विनंती. सोबत: मावशींचे ना-हरकत पत्र.’